कर्जाचा आकडा आणि मनाने दिलेला निकाल

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू कास्तकाराला कुणी ‘सकारात्मक विचार करा’ असा सल्ला दिला की मला राग येतो. मृगाचा पाऊस आला म्हणून बी टाकलं, मग पंधरा-वीस दिवस आभाळाने तोंड फिरवलं, उगवलेलं करपलं आणि बियाण्याच्या पिशव्या पुन्हा उधारीवर आणाव्या लागल्या. अशा माणसाला विचार बदलायला सांगायचं म्हणजे त्याच्या नुकसानीची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर ठेवायची. दुबार पेरणी ही घडलेली गोष्ट आहे. तिला पैसे लागतात आणि ते विचारांतून उगवत नाहीत.

तरीही नकारात्मक विचारांना प्रश्न विचारण्याची जी पद्धत मानसशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत घडवली, तिची गरज या जिल्ह्याला फार आहे, असं मला मनापासून वाटतं. ही पद्धत नुकसान नाकारायला सांगत नाही. ती एवढंच विचारते की, झालेल्या नुकसानीवरून तुम्ही स्वतःविषयी जो निकाल देऊन टाकलात, त्याला पुरावा काय?

सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिकं, आणि बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांची ती पहिली जाहीर नोंद मानली जाते. त्या स्मृतीसाठी अलीकडच्या काळात १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी अन्नत्याग केला जातो. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्यात यवतमाळ होताच. पुढे कर्जमाफ्या आल्या, गुलाबी बोंडअळी आली, आणि २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली. या सगळ्याची कारणं शेतीच्या अर्थकारणात आहेत. उत्तरंही तिथेच शोधावी लागतील. भाव, विमा, सिंचन, वेळेवर पीककर्ज यांची जागा कुठलंही समुपदेशन घेऊ शकत नाही.

मात्र कर्ज आणि खचणं यांच्यामध्ये आणखी काहीतरी घडत असतं. एकाच शिवारात, एकाच पावसात, जवळपास सारख्याच थकबाकीखाली असलेले बहुतेक जण हंगामामागून हंगाम काढतात. याचा अर्थ जो खचला तो कमकुवत होता, असा मुळीच नाही. कुणाला आधार असतो, कुणाला नसतो. कुणाला आधीपासून आजार जडलेला असतो. अर्थ एवढाच की त्या मधल्या जागेत दुसऱ्या माणसाला शिरता येतं, आणि वेळेत शिरलं तर फरक पडतो.

त्या मधल्या जागेत काय चालतं, ते जवळून पाहू. समजा, घाटंजीकडचा एक पाच एकरांचा कास्तकार आहे. बँकेचं पीककर्ज नव्वद हजार, कृषी केंद्राची उधारी पस्तीस हजार, सोयऱ्याकडून घेतलेले चाळीस हजार. बेरीज एक लाख पासष्ट हजार. हा आकडा आहे, आणि तो खरा आहे. आता हाच माणूस रात्री तीन वाजता जागा होतो तेव्हा त्याच्या मनात आकडा नसतो. तिथे असतं, ‘माह्यं आता काई खरं नाई.’ त्याच्या पाठोपाठ, ‘बापानं जमीन राखली, मी घालवली.’ मग, ‘चार लोकात तोंड दाखवाले जागा नाई रायली.’ सकाळपर्यंत एक लाख पासष्ट हजारांचं कर्ज बाजूला राहतं आणि ‘मी नालायक’ एवढंच उरतं. कर्जाचं पुनर्गठन होऊ शकतं, हप्ता पाडून घेता येतो, सोयऱ्याला दिवाळीपर्यंत थांब म्हणता येतं. ‘मी नालायक’ याचं पुनर्गठन कुठल्या शाखेत करायचं?

या दोन गोष्टी वेगळ्या करायला दुसरा माणूस लागतो. तो फार शिकलेला असण्याची गरज नसते. गावातली आशाताई दारात येऊन बसली आणि तिला थोडं शिकवलेलं असेल, तर बोलणं साधारण असं जाईल:

‘काऊन भाऊ, दोन दिस झाले, पारावर दिसले नाई?’

‘कायले जाऊ तिकडं? लोक हासतात.’

‘कोन हासलं?’

‘...हासलं कोनी नाई. पन मनात म्हनत असतीन.’

‘मागच्या साली शेजारच्या काकाची सोयाबीन गेली. तवा तुमी हासले होते का त्यायले?’

‘मी काऊन हासू? त्याच्यात त्यायचा काय दोष?’

एवढ्यावर ती थांबली तरी चालेल. पुढचं वाक्य त्याच्याच मनात तयार होतं. शेजाऱ्याच्या नापिकीत शेजाऱ्याचा दोष नसेल, तर माझ्या नापिकीत माझा कसा? तो लगेच हसायला लागेल, उठून वखर धरेल, असं काही होत नाही. पण रात्रभर सत्य म्हणून वागवलेली एक गोष्ट आता तपासायची गोष्ट झाली.

या प्रश्नांमागे एक मोठी परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मनोविश्लेषणाची वाट सोडून विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली. त्यांचं म्हणणं असं की, प्रसंग आणि त्यातून उसळणारी भावना यांच्यामध्ये माणसाची एक धारणा बसलेली असते. ती धारणा बहुधा हट्टाची असते. मला यश आलंच पाहिजे, लोकांनी मला मान दिलाच पाहिजे, जग माझ्याशी न्यायानेच वागलं पाहिजे. इच्छा असायला एलिस यांची हरकत नव्हती. इच्छेचा हुकूम झाला की माणूस मोडतो, असं ते सांगत. साधारण त्याच काळात, १९६० च्या दशकात, फिलाडेल्फियात अ‍ॅरन बेक यांना दिसलं की, नैराश्यातल्या माणसाच्या मनात काही वाक्यं आपोआप, न बोलावता येतात आणि ती तीन दिशांनी जातात. मी टाकाऊ, जग वैरी, पुढे अंधार. वर रंगवलेल्या रात्री तीनच्या विचारांत या तिन्ही दिशा सापडतात. बेक यांनी रुग्णांना ती वाक्यं कागदावर उतरवायला लावली आणि एकेकाला पुरावा मागितला. दोघांच्याही फार आधी, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, एपिक्टेटस हा गुलामीत वाढलेला तत्त्वज्ञ शिकवत असे की, माणूस घटनेने हलतो त्याहून जास्त त्या घटनेविषयीच्या आपल्या मताने हलतो. एलिस यांनी त्याचं ऋण मोकळेपणाने मानलं.

मराठीत हा विचार यायला फार उशीर झाला नाही. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत इथे रुजवली. ठाण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या आयपीएच या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती सोप्या मराठीत घराघरांत नेली. अंजली जोशी यांनी तर एलिस यांच्या आयुष्यावर मराठीत कादंबरी लिहिली, ‘मी अल्बर्ट एलिस’. मनाशी बोलावं, त्याला समजवावं, प्रसंगी दटावावं ही सवय मराठी माणसाला संतांपासून आहे. रामदासांनी दोनशेहून अधिक श्लोक थेट मनालाच उद्देशून लिहिले. त्यामुळे ‘मनाला प्रश्न विचारा’ हे सांगणं आपल्याकडे परकं वाटत नाही. अडचण आहे ती हे ज्ञान मुंबई-पुण्याच्या सभागृहांतून निघून आर्णी, झरी-जामणी, मारेगावपर्यंत पोचण्याची.

आता अपेक्षांकडे वळू. इथे मला दोन प्रकार अगदी वेगळे ठेवायचे आहेत, कारण ते एकत्र केले की अन्याय होतो. कापसाला खर्चाला परवडेल असा भाव मिळावा, विम्याची भरपाई वेळेत यावी, दिवसा वीज मिळावी या अपेक्षा सोडायच्या नाहीत. त्यांच्यासाठी भांडायचं, संघटना करायची, मोर्चा काढायचा. त्या रास्त आहेत आणि त्या सोडा असं शिकवणारं मानसशास्त्र मला मान्य नाही. सोडायच्या त्या दुसऱ्या, आपण स्वतःच्या मानेवर ठेवलेल्या. पाऊस माझ्या हिशोबाने पडला पाहिजे. एकदा पेरलं की घरात कापूस आलाच पाहिजे, नाहीतर मी कास्तकार कसला. भावाने मुलीच्या लग्नात जेवढी पंगत उठवली तेवढी मीही उठवलीच पाहिजे.

या शेवटच्या अपेक्षेवर जरा रेंगाळायला हवं, कारण ती महागडी आहे. लग्नासाठी काढलेलं कर्ज बऱ्याचदा बँकेचं नसतं. ते सावकाराचं किंवा सोयऱ्याधायऱ्यांचं असतं आणि म्हणून जास्त बोचतं. बाप स्वतःला सांगतो, ‘यंदा लग्न झालं नाई तं पोरीचं वाटोळं होईन.’ हे वाक्य तपासायला घ्या. यंदा नाही झालं आणि पुढच्या साली झालं, तर नेमकं काय होईल? दोन-चार पाहुणे विचारतील. मुलीला आणखी एक वर्ष शिकता येईल. आपल्या गावात वर्ष-दोन वर्षं लांबलेली लग्नं किती आहेत, आणि त्या मुली आज कशा आहेत? आणखी एक प्रश्न तर बहुधा कुणी विचारतच नाही. खुद्द मुलीला काय वाटतं? तिला विचारलं तर बरेचदा ती म्हणते, बाबा, साध्यातच करा. वाटोळं हे भाकीत होतं आणि बापाने ते घडलेल्या गोष्टीसारखं उरावर घेतलं होतं. सामुदायिक विवाह ही सोय विदर्भात आहेच. तिथे जायला पैसा आडवा येत नाही, ‘लोक काय म्हणतील’ आडवं येतं.

हेच ओझं बायकांच्या वाट्याला आणखी वेगळ्या तऱ्हेने येतं. नवरा गेल्यावर कर्ज तिच्या नावावर येतं. मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र याची चौकशी तिच्या दारात होते. शिवाय तिने कसं राहावं याची यादी गावाकडे तयार असते. कुंकू लावू नये, सणाला पुढे येऊ नये, शुभकार्यात मागे उभं राहावं. ‘माझ्याच पायगुणानं झालं’ हा विचार तिला कुणी शिकवलेला असतो, तो आतून उगवलेला नसतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यावरून मोठा वाद झाला आणि अखेर उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या स्त्रियांच्या जगण्यावरच्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केलं होतं. ज्या बाईने मंगल प्रसंगी मागे उभं राहावं अशी रीत होती, ती त्या दिवशी साहित्याच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर पुढे उभी राहून आपल्यासारख्या एकल स्त्रियांचं जगणं मांडत होती. निमंत्रणाच्या वादाविषयी माझं मत कडवट आहे, पण यवतमाळच्या त्या क्षणाचं मोल मला कमी करता येत नाही.

अशा अपेक्षा एकट्या बाईने सोडायच्या म्हटलं तर तिला फार किंमत मोजावी लागते. गावाने मिळून सोडल्या तर ते हलकं होतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसंच करायचं आवाहन केलं. विचाराला प्रश्न विचारण्याचं काम इथे एका गावाने ग्रामसभेत केलं.

मनाच्या या कामाचा विदर्भातला ठोस पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. विदर्भातला ताण आणि आरोग्य हा त्याचा विषय. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलायचे, गटांत बसायचे, ज्याला गरज आहे त्याला समुपदेशकाकडे आणि जास्त त्रास असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवायचे. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्क्यांवर गेलं. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं. मला यातला पहिला आकडा जास्त बोलका वाटतो. शंभरातले पंचाण्णवहून अधिक लोक आधी कुणाकडेच जात नव्हते. ‘टेन्शन’ आहे म्हणायचे आणि गप्प राहायचे.

विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात उभ्या केलेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. खचलेल्या माणसाला थेट विचारांशी झगडायला लावण्याआधी त्याला छोट्या कामाला लावणं सोपं पडतं. मन बरं झालं की काम करीन, असं तो म्हणतो. उलट्या क्रमाने जा, काम आधी, मन मागून येतं. आमच्या घाटंजीच्या माणसासाठी हे काम म्हणजे संध्याकाळी पारावर जाऊन अर्धा तास बसणं. शेतात एक चक्कर मारून डवरणीला किती तास उरले ते पाहणं. बँकेत जाऊन फक्त पुनर्गठनाचा अर्ज आणणं, भरणं नंतर. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आज्यांना दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवून असंच काम करून घेतलं. आजी त्रासलेल्याला त्याच्या अडचणी मोजायला लावते आणि म्हणते, यातली एक निवड, आज तेवढीच धरू.

प्रश्न विचारण्याची मर्यादाही सांगायला हवी. आठवडे-आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, दारू वाढली आहे, माणूस बोलेनासा झाला आहे, निरवानिरवीचं बोलतो आहे, तर तो आजार आहे. तिथे तर्क लढवत बसायचं नाही. दवाखान्यात न्यायचं. औषधांनी नैराश्य बरं होतं. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. विचारणारा भेटला की माणूस मोकळा होतो. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. फवारणीची औषधं घरात न ठेवता कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणं, हीसुद्धा जीव वाचवणारी गोष्ट आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक खाली आलं. ‘आता काहीच होणार नाही’ हा विचार कितीही पक्का वाटला तरी त्याचा जोर काही तासांनी ओसरतो. तेवढे तास माणूस सुरक्षित राहिला पाहिजे.

राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात यवतमाळ आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची आणि जोखमीतल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवायचं, अशी ती रचना. रचना योग्य आहे. मात्र रकान्यात खूण करणं वेगळं आणि ‘कोन हासलं?’ हे नेमक्या वेळी विचारता येणं वेगळं. त्यासाठी आशाताईला सराव लागतो, वेळ लागतो आणि त्या वेळेचा मोबदला लागतो. लसीकरण, बाळंतपणं आणि डझनभर नोंदवह्या सांभाळून हेही कर, असं तिला सांगून भागणार नाही. शिवाय भेटींचं वेळापत्रक शेतीच्या वर्षाला धरून असायला हवं. जूनमधल्या उघडिपीत, कापसाची पहिली वेचणी होऊन हाती किती आलं ते कळतं तेव्हा, आणि मार्चमध्ये बँकेची वसुली सुरू होते तेव्हा. या तीन वेळी तिला बाकीच्या कामांतून मोकळं करून दारोदार पाठवायला हवं.